मखमलीची पेटी माझी होती

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणालाही वाटेल की हा जुन्या बुद्धिबळातला एखादा वजीर असावा. तसं नाही. मी एक जुना लाकडी नमुना आहे, चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा. वीतभराहून जरा उंच, चार पाय, निमुळतं डोकं. रंगाच्या पाच थरांपैकी दोन अजून शाबूत आहेत. ज्या यानाचा मी नमुना, ते यान मात्र कधी बांधलंच गेलं नाही. एवढं वाचून माझी कीव आली असेल तर ती तुमच्याजवळच ठेवा. माझ्या मनात जे आहे त्याला दुःख म्हणत नाहीत. त्याला हेवा म्हणतात, आणि तो मी वर्षानुवर्षं नीट जपला आहे.

माझा जन्म १९६१ च्या उन्हाळ्यातला, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या एका विमान संशोधन केंद्राच्या सुतारशाळेतला. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी सांगून टाकलं होतं, की हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवू आणि सुखरूप परत आणू. टाळ्या झाल्या. मग सगळे आपापल्या टेबलाशी परतले आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, कारण जायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला घडवलं कार्लटन इन्स्ली या सुतारानं. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीतल्या कालवं आणि खेकडे धरायच्या होड्या बांधत. केंद्रातल्या इंजिनियरांना चाचणीसाठी लाकडी पंख लागायचे, आणि ते घडवायला ही होडीवाली माणसंच लागत. लाकडावरून नुसता तळवा फिरवला की केसाएवढा उंचवटा त्यांना कळे. इन्स्लीनं माझ्या बुडात शिसं ओतलं, म्हणजे मी डगमगणार नाही, आणि मला पाच वेळा रंगवून पाच वेळा घासलं. त्याच्या हाताला जवसाच्या तेलाचा वास यायचा आणि त्याखाली खेकड्यांचा.

मला मागवणारा होता रॉस गॅमेज. विमानांचा इंजिनियर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाजात हुकमत.

"मिस्टर कार्लटन, रुबाबदार झाला पाहिजे बरं का," तो म्हणाला. "बघणाऱ्याची मान वर गेली पाहिजे."

"वीतभर लाकडाकडे बघून मान वर कशी जाईल, बेटा?"

"तेच तर तुमचं कसब!"

माझी योजना सरळ होती. एक भलंमोठं रॉकेट मला घेऊन उडणार, मी थेट चंद्रावर जाणार, शेपटीवर उभा उतरणार आणि माणसांना घेऊन तसाच घरी येणार. दुसरी एक योजना अशी होती की मला तुकड्यातुकड्यांनी वर पाठवायचं आणि पृथ्वीभोवती फिरताना जोडायचं. तिच्याशी माझं वैर नव्हतं. तिच्यातही शेवटी चंद्रावर उतरणार मीच होतो.

माझ्यासाठी एक पेटी केली होती. वरून कातडं, आतून निळी मखमल, आणि त्या मखमलीत बरोबर माझ्या अंगाच्या आकाराचा खळगा. विमानात गॅमेज ती पेटी मांडीवर घेऊन बसायचा. बरोबरच्या प्रवाशाला कोट ठेवायला जागा हवी असली तरी तो पेटी खाली ठेवत नसे. अलाबामा, टेक्सास, वॉशिंग्टन, सगळीकडे मी फिरलो. मोठमोठ्या माणसांनी मला बोट लावलं आणि मग आपलं बोट बघितलं, रंग लागलाय का म्हणून. मी किती फुगलो असेन याची कल्पना करा!

मग बेकविथ आला.

लाइल बेकविथ त्याच केंद्रात इंजिनियर होता, पण त्याच्या शर्टाला कधी इस्त्री नसायची आणि बाहीला खडूची पूड असायची. तिसरी योजना त्याची. तो म्हणायचा, चंद्रावर सगळं यान उतरवायचंच कशाला? मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा. त्यातून एक छोटंसं यान दोन माणसांना घेऊन खाली जाईल, परत वर येईल आणि मोठ्याला येऊन जुळेल. ऐकणारे विचारायचे, आणि नाही जुळलं तर? याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. घरापासून अडीच लाख मैलांवर त्या दोघांना आणायला कुणी जाणार नव्हतं.

एका दुपारी तो सुतारशाळेत आला. मी बाकावर ऊन खात होतो.

"मिस्टर कार्लटन, माझंही एक छोटं काम करून द्याल? वरून मंजुरी मिळालेली नाही. लाकूडही मंजूर नाही."

"मग काय हवेतून घडवू?" इन्स्ली म्हणाला. "थांब. याचा एक तुकडा उरलाय."

मित्रांनो, तो माझा तुकडा होता! माझ्याच फळीतून कापलेला. त्यातून इन्स्लीनं एक बेढब डबा कोरला, त्याला कागदाला लावायच्या क्लिपच्या तारेचे पाय लावले आणि पुढे दोन डोळ्यांसारख्या खिडक्या काढल्या. सगळे त्याला कोळी म्हणून हसले. इन्स्ली त्याला होडकं म्हणायचा. मीही पोटभर हसलो असतो, पण एक गोष्ट माझ्या कानावर आली आणि हसू तिथेच विरलं. ते करताना इन्स्ली शीळ घालत होता. मला करायला त्याला अकरा दिवस लागले, त्या अकरा दिवसांत त्यानं एकदाही शीळ घातली नव्हती.

त्या दिवसापासून मी त्या होडक्याला पाण्यात पाहू लागलो.

आता आमच्या केंद्राची एक खोड सांगतो. कुठल्याही यानाचा नमुना करायचा तर तो विमानात सहज नेता येईल अशा पेटीत मावेल एवढाच करायचा. यान ऐंशी फुटांचं असो की पंधरा, नमुना आपला वीतभर. त्यामुळे टेबलावर मी आणि होडकं शेजारी ठेवले की भावंडं वाटायचो, एक देखणं आणि एक बेंगरूळ. कागदावर माझी उंची ऐंशी फूट लिहिलेली होती आणि ती सगळ्यांनी वाचली होती. पण वाचलेलं आणि समोर दिसलेलं यात फरक असतो. डोळ्यांना मी गोंडस दिसत होतो, त्यामुळे डोळे माझ्या बाजूनं होते.

पुढच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला मोठी बैठक ठरली. तिच्यावर सगळं अवलंबून होतं. बेकविथला साहेबांनी बजावलं होतं, की या वेळी लोकांना पटलं नाही तर मुकाट्यानं पुन्हा पंखांच्या विभागात जायचं आणि चंद्राचं नाव काढायचं नाही. आणि मला? मला चंद्र हवा होता. तो त्या तारेच्या पायांच्या डब्याला मिळावा हे माझ्याच्यानं सहन होणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी इन्स्लीनं, कुणी न सांगता, दोन लाकडी माणसं कोरली. एक होडक्याच्या मापाचा, बोटाएवढा लांब. दुसरा माझ्या मापाचा, तो भुईमुगाच्या दाण्याएवढा. मोठा त्यानं होडक्यात उभा केला. छोटा मेणाच्या ठिपक्यानं माझ्या टोकाशी चिकटवला.

"आता कळेल कोण केवढा," तो बेकविथला म्हणाला.

बेकविथनं त्या दाण्याएवढ्या माणसाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला धडकीच भरली.

पण दैव माझ्या बाजूचं होतं. जूनचा उकाडा, मोटारीची तापलेली डिकी, पेटीत मी आडवा. मेण वितळलं. तो माणूस सुटला, मखमलीवरून घरंगळला आणि माझ्या बुडाशी जो पोकळ भोंगा आहे, ज्यातून ज्वाळा निघायच्या, त्यात जाऊन बसला. लाकडाला हात नसतात, मित्रांनो, पण दमट हवेत लाकूड फुगतं. मी फुगलो. जीव खाऊन फुगलो. भोंग्याचं तोंड आवळलं आणि तो आत घट्ट अडकला. लोक म्हणतील ती हवेची करामत. मला माहीत आहे ती कुणाची होती.

बैठकीला वीसेक माणसं होती. अध्यक्षस्थानी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ होते, फार कमी बोलणारे. नमुने मांडायला इन्स्लीला बरोबर आणलं होतं. तो भिंतीशी खुर्चीवर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. गॅमेजनं मला टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"एकच यान," तो म्हणाला. "जातं, उतरतं, परत येतं. जोडाजोडी नाही, गाठीभेटी नाहीत. विमान जसं अख्खं उतरतं तसंच."

माना डोलल्या. तिथे बसलेल्या सगळ्यांचं आयुष्य विमानांत गेलेलं. त्यांनी बनवलेली प्रत्येक गोष्ट अख्खीच्या अख्खी उडाली होती आणि अख्खीच उतरली होती. उतरणारं यान वेगळं आणि वर थांबणारं वेगळं, हे त्यांच्या डोक्यात शिरायचं कुठून?

मग बेकविथनं होडकं ठेवलं. आत तो बोटाएवढा माणूस दाटीवाटीनं उभा.

"लाइल, यात माणूस बसणार की माणसावर हे बसणार?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

"एक मिनिट," बेकविथ म्हणाला. त्याच्या हातातला खडू मोडला. "दुसरा माणूस पण आहे. मोठ्यावरचा. मिस्टर कार्लटन, तो दुसरा कुठाय?"

इन्स्लीनं पेटी चाचपली. मखमल उलटीपालटी केली. बेकविथ टेबलाखाली वाकून पाहू लागला तेव्हा तर लोकांना हसू आवरेना. मी छाती काढून उभा होतो आणि माझ्या पोटात तो माणूस होता. आयुष्यात मला एवढं सुख कधी झालं नाही, आणि आज एवढी लाजही दुसऱ्या कशाची वाटत नाही.

इन्स्ली उठला. त्यानं मला उचललं, तळव्यावर तोललं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. ज्या हातांना केसाएवढा उंचवटा कळतो त्यांच्यापासून काय लपणार? त्यानं मला उलटं केलं, खिशातून कालवं उघडायचा बोथट चाकू काढला आणि भोंग्यात टोक घातलं.

"इथे दडलायस होय, लबाडा," तो पुटपुटला. हे तो त्या माणसाला म्हणाला की मला, देव जाणे.

त्यानं मला परत उभं केलं आणि तो दाणा माझ्या पायाशी ठेवला.

हसणं थांबलं. अध्यक्ष पुढे वाकले. त्यांनी त्या दाण्याकडे पाहिलं, माझ्या टोकाकडे पाहिलं, मग होडक्यातल्या माणसाकडे पाहिलं.

"आणि हा बसणार कुठे?"

"वर. टोकाशी," गॅमेज म्हणाला.

"उतरताना त्याला जमीन दिसेल?"

"तो पाठीवर झोपलेला असेल, सर. त्याला..." गॅमेज अडखळला. "त्याला आकाश दिसेल."

"म्हणजे आठ मजली मनोरा, शेपटीच्या बाजूनं, न बघता, मागे मागे उतरवायचा."

अध्यक्षांनी इन्स्लीकडे पाहिलं. "हे तुम्ही घडवलंत ना? तुम्हाला काय वाटतं?"

इन्स्लीनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "विमानातलं मला कळत नाही, साहेब. आमच्याकडे मोठी होडी खोल पाण्यात नांगरतात आणि किनाऱ्याला होडकं नेतात. मोठी कुणी आत घातलीच तर ती गाळात बसते. मग भरतीची वाट बघायची. तुम्ही जाताय तिथे भरती येत नाही."

निर्णय त्या दिवशी झाला नाही. पुढे कित्येक आठवडे आकडेमोड चालली. पण मला तिथेच कळून चुकलं. आणि आणखी एक कळलं. वर्षभर मी चंद्राची स्वप्नं पाहिली होती, पण ज्याला तिथे न्यायचं त्या माणसाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. किती लहान होता तो.

त्यानंतर मी शहाणा झालो असं मात्र समजू नका. जुलैत होडक्याची योजना जाहीर झाली आणि आठवड्याभरात गॅमेज सुतारशाळेत आला. एका हातात माझी पेटी, दुसऱ्या हातात होडकं.

"मिस्टर कार्लटन, ही मखमल जरा कापावी लागेल. याचे पाय मावत नाहीत."

"आणि हा मोठा?"

"हा..." त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "ठेवा कुठेतरी."

माझ्या अंगाच्या मापाचा खळगा माझ्या डोळ्यांदेखत कापला गेला. गॅमेज त्या दिवसापासून होडक्यासाठी राबू लागला, आणि माझ्यासाठी राबला होता त्याहून जास्त. त्याचं काही चुकलं नाही, हे आज मला कळतं. तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी फळीवर सरसाच्या भांड्यांमागे गेलो. होडक्याचे फोटो छापून येऊ लागले. ते मोठं झालं, खरं झालं, धातूचं झालं, त्याच्यावर हजारो माणसं कामाला लागली. कुणी त्याचं नाव काढलं की मला वाटायचं, पाय तारेचे होते त्याचे, विसरलात काय?

१९६६ साली इन्स्ली निवृत्त झाला. फळ्या आवरताना एकानं मला कचऱ्याच्या पिंपात टाकलं. इन्स्लीनं काही न बोलता मला बाहेर काढलं आणि जेवणाच्या डब्यात, उरलेल्या पावाशेजारी ठेवून घरी नेलं. खाडीकाठी त्याची होड्या दुरुस्त करायची शेड होती. तिचं दार वाऱ्यानं आपटायचं. माझ्या बुडात शिसं होतं. तेव्हापासून दार उघडं धरायचं काम माझं झालं.

तीन वर्षांनी, जुलैतल्या एका रविवारी दुपारी, बेकविथ त्या शेडमध्ये आला. टेक्सासच्या नियंत्रण कक्षात त्याचं काम नव्हतं. त्याचं काम सात वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. दोघं उलट्या टोपल्यांवर बसून रेडिओ ऐकत होते. चारच्या सुमारास बातमी आली की ते उतरलं. बेकविथनं तोंडावर हात घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"उतरलं ते ठीक," इन्स्ली म्हणाला. "होडीला परत लागू दे, मग रड."

त्यानं खेकड्यांचं भांडं चुलीवर चढवू दिलं नाही. उद्या, म्हणाला.

सोमवारी दुपारी होडकं चंद्रावरून उडालं. आता ते जुळायला हवं होतं. तीन तास बेकविथ दारातून आत आणि आतून दारात करत होता. आणि मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्या तीन तासांत माझ्या मनात आलं, नाही जुळलं तर? नाही जुळलं तर सगळे म्हणतील की मोठंच न्यायला हवं होतं. मग पेटी, मखमल, वॉशिंग्टन. मी ते मनातल्या मनात अगदी चवीनं पाहिलं. आणि मग मला पायाशी ठेवलेला तो भुईमुगाचा दाणा आठवला. असे दोघं त्या डब्यात होते. माझा हेवा एवढा मोठा झाला होता की त्यात दोन माणसं बुडून गेली असती आणि मला कळलंही नसतं. मी घाबरलो. रंगाचे पापुद्रे सुटेपर्यंत घाबरलो. जुळू दे, मी म्हणालो. त्याचं नाव होऊ दे, पण जुळू दे.

साडेपाचच्या पुढे रेडिओवर सांगितलं की जुळलं.

बेकविथ मोठ्यानं ओरडला. इन्स्लीनं चूल पेटवली. खेकडे शिजले, दोघं वर्तमानपत्र अंथरून जेवायला बसले, बोटांना मसाला, दोघांचेही चेहरे लहान पोरांसारखे. मग इन्स्लीनं विचारलं, "आणि होडकं? ते कधी पोचतंय घरी?"

बेकविथचा हात थांबला. "ते नाही येत, मिस्टर कार्लटन."

"म्हणजे?"

"दोघं मोठ्यात आले की ते सोडून द्यायचं. वजन होतं. पहिल्यापासून तसंच ठरलेलं."

"दोरीनं मागे बांधून आणता येत नाही?"

"नाही."

"मग आता ते कुठाय?"

"फिरत राहील चंद्राभोवती. मग कधीतरी खाली पडेल."

"रिकामं?"

"रिकामं."

इन्स्लीनं खेकडा खाली ठेवला. नंतर उठून बाहेर गेला तेव्हा, रोजच्या सवयीनं, दारातून जाताना त्याची बोटं माझ्या डोक्याला लागून गेली.

माझ्याच फळीचा तुकडा होता तो. ज्याचा मी आठ वर्षं हेवा केला, ते त्या घटकेला माणसांना पोचवून एकटं गोल फिरत होतं, आणि त्याला कुणी आणायला जाणार नव्हतं. आणि मी शेडच्या दारात होतो, खाडीचा वारा खात, डोक्याला खेकड्यांचा मसाला लागलेला. कुणी माझाही हेवा करावा अशी आपली जागा असू शकते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सुचलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी न निवडलेलं काहीतरी असेल. हरलेलं, अडगळीत गेलेलं. ते टाकू नका, त्यावरून कधी तरी हात फिरवा. आणि उद्या तुम्हालाच कुणी निवडलं नाही, तर जळा, खुशाल जळा, मी कोण नको म्हणणार? पण जो गेला आहे तो परत येईपर्यंत दार तेवढं उघडं धरा.